बातमीत काय, गच्चीवरून काय: गोव्यातल्या साखळीच्या प्रकल्प नोंदी

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

पाऊस अजून धड गेलेला नाही, पण आज दुपारी ऊन पडलं म्हणून टेलिस्कोप बाहेर काढला. सहा इंची डॉब आहे (आरशाचा डॉब्सोनियन टेलिस्कोप), फोकल लेंग्थ १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं), म्हणजे ४८ पट आणि १२० पट. चार महिने कपाटात होता आणि गोव्याचा पावसाळा म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालंय, आरशाच्या कडेला बुरशीचे पांढरे धागे. सिलिका जेलचे निळे मणी ठेवले होते ते गुलाबी पडलेत, म्हणजे त्यांचं काम जुलैतच संपलं असणार. मणी कढईत मंद आचेवर भाजून परत निळे केले (आई म्हणाली त्या कढईत आता भाजी करणार नाही, तिला दुसरी आणून द्यावी लागणार). आरसा आधी नळाच्या धारेखाली धरला, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि कापूस नुसता वरून ओढायचा, दाबायचा अजिबात नाही, कारण वरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की घासलं तर बुरशीबरोबर तोपण जाईल. उभा करून वाळवला. एका कोपऱ्यात डाग राहिलाय, राहू दे, एवढ्याशा डागाने प्रतिमेला काही होत नाही.

आता प्रकल्प काय ते लिहून ठेवतो. आमच्या वाड्यावरची (वस्तीतली) पोरं दर आठवड्याला मोबाईलवर काहीतरी घेऊन येतात, युरेनसला नवा चंद्र सापडला, पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला, दुसऱ्या सूर्यमालेतून काहीतरी येतंय, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, ‘दादा, दाखव ना!’ दाखवणार काय, त्यातलं नव्वद टक्के आपल्या सहा इंचात येतच नाही. पण त्याच बातमीच्या शेजारचं काहीतरी नक्की दिसतं. नवा चंद्र नाही दिसणार पण खुद्द युरेनस दिसेल की. तर ठरवलं असं की ह्या सीझनमध्ये प्रत्येक बातमीला आपल्या गच्चीवरून दिसणारी एक जोडी शोधायची, पुठ्ठ्यावर दोन रकाने, डावीकडे बातमी, उजवीकडे आपण काय बघितलं ते, आणि उजवा रकाना बघितल्याशिवाय भरायचा नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी. रात्रभर नरकासुरांचा डीजे, पहाटे त्यांच्या पुतळ्यांचं दहन, सगळीकडे धूर, वर ढग. पहाटे अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडलं आणि फोव (पोहे) खाऊन झोपलो, आकाशाचं नावच काढलं नाही.

कागदावरचं काम मात्र केलं. उद्या २१ तारखेला लेमन धूमकेतू (सी/२०२५ ए६) पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, जवळ म्हणजे साधारण ९ कोटी किमी. ॲरिझोनातल्या माऊंट लेमनच्या सर्व्हेने जानेवारीत शोधलेला, तेव्हा एकदम अंधुक होता, आता चौथ्या प्रतीच्या आसपास आलाय (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तेवढं तेज जास्त) म्हणजे काळोखी जागा असेल तर नुसत्या डोळ्यांनाही अंदाज यावा. अमावस्या पण आत्ताच आहे, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. सगळं जुळून आलं आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा!

पुठ्ठ्यावर ह्याची जोडी थ्रीआय ॲटलसशी लावलीय. तो १ जुलैला चिलीतल्या ॲटलस दुर्बिणीला सापडला, आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेली तिसरी वस्तू, आधीच्या दोन म्हणजे २०१७ चा ओमुआमुआ आणि २०१९ चा बोरिसोव्ह. सध्या तो सूर्याच्या पलीकडे आहे, पृथ्वीवरून कुणालाच नीट दिसत नाही. लेमन मात्र घरचा आहे, हजार-बाराशे वर्षांनी का होईना परत येणारा.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिसला! आठवडाभर ढग आणि मधेच धो धो पाऊस, शेवटी आज दुपारनंतर पश्चिमेला निळं दिसायला लागलं तशी शिफ्ट संपल्यावर गाडी काढली ती थेट केरी, तेरेखोलच्या अलीकडची केरी, सत्तरीतली नव्हे. साखळीच्या गच्चीवरून पश्चिमेला म्हापसा आणि पणजीचा उजेड असतो, तिकडे खाली काही शोधायचं म्हणजे वैताग. केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं पाठीशी घेतली की समोर नुसता समुद्र, क्षितिज अगदी पाण्यापर्यंत मोकळं. मासेमारीच्या होड्यांचे दिवे तेवढे त्रास देतात.

सूर्य मावळल्यावर तासाभराने बायनॉक्युलर (१०×५०) लावला. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दीड मूठ क्षितिजाच्या वर, ढगाच्या दोन पट्ट्यांच्या मधे. पहिल्यांदा वाटलं लेन्सवर वाफ धरलीय, पुसून बघितलं तरी ते तिथेच. एक धुरकट गोळा, मधे जरा दाट, आणि तिरकं वर सूर्याच्या उलट दिशेला शेपटीचा संशय, सरळ बघितलं की गायब, नजर थोडी बाजूला नेली की परत. फोटोंमध्ये असतो तसा हिरवा अजिबात नाही. तो हिरवा रंग दोन कार्बन अणूंच्या रेणूचा, सूर्याच्या प्रकाशाने तो रेणू उजळतो, पण एवढ्या कमी उजेडात आपल्या डोळ्याला रंगच कळत नाहीत, करडं दिसतं सगळं. पोरांना हे आधीच सांगायला हवं, नाहीतर मोबाईलवरचे फोटो बघून येतात आणि तोंड पाडून जातात.

पावाची गाडी घेऊन घरी निघालेले एक काका थांबले, ‘कितें दिसता रे?’ त्यांना बायनॉक्युलर दिला. बराच वेळ बघत होते, मग म्हणाले हे तर काहीच नाही, हेलीचा बघितला होता त्याच्यापुढे. १९८६ चा! म्हटलं काका तुम्ही नशीबवान, पुढचा हेली २०६१ ला.

पंधरा-वीस मिनिटांत ढगांनी परत दार लावलं. घरी आल्यावर दोन्ही बायनॉक्युलर लेन्स आणि ट्रायपॉडचे स्क्रू ओल्या फडक्याने पुसले. खारा वारा एका रात्रीत स्क्रूला गंज आणतो, हे किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने करावंच.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरारी पौर्णिमा, विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठी नौका बघायला सगळं गाव. वर्षातला सगळ्यात जवळचा पूर्ण चंद्रपण आजच, अंतर साधारण ३ लाख ५७ हजार किमी (सरासरी ३ लाख ८४ हजार). त्यामुळे सकाळपासून ‘महाचंद्र’ फॉरवर्ड. खरं सांगायचं तर सरासरी पौर्णिमेपेक्षा सातेक टक्के मोठा, शेजारी दुसरा चंद्र ठेवून दाखवला तरच फरक कळणार. टेलिस्कोपवाल्यांना पौर्णिमा म्हणजे सुट्टीचाच दिवस, ऊन डोक्यावरून पडल्यावर विवरांच्या सावल्याच राहत नाहीत, सगळं सपाट पांढरं. चंद्र बघायचा तर सप्तमी-अष्टमीचा, जिथे उजेड आणि काळोख भेटतात त्या रेषेवर. तसा २८ तारखेला पोरांना दाखवायचं ठरवलं, पौर्णिमेच्या दिवशी नदीतल्या दिव्यांच्या होड्या बघाव्यात, त्या ह्याच्यापेक्षा खूप देखण्या.

‘दुसरा चंद्र’ हा विषय पण आज निकालात काढला. २०२५ पीएन७, ऑगस्टमध्ये हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीतून सापडला, अंदाजे १९ मीटरचा दगड. तो पृथ्वीभोवती फिरत नाही, सूर्याभोवतीच फिरतो, फक्त त्याचं वर्ष जवळजवळ आपल्या वर्षाएवढं आहे म्हणून आपल्याबरोबर चालल्यासारखा वाटतो, आणि हे १९६० च्या दशकापासून चाललंय, साधारण २०८३ पर्यंत चालेल. एका पोराने विचारलं मग चंद्र का म्हणायचं. बरोबर विचारलं. उजव्या रकान्यात: काही नाही. ह्याला जोडी मिळाली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हवा बदलली. रात्री अंगावर चादर लागते आणि नऊनंतर टेलिस्कोपच्या नळीवर दव. फाइंडरला (नेम धरायची छोटी दुर्बीण) जुन्या योगा मॅटचा तुकडा गुंडाळून टोपी केली, त्याने दव बराच वेळ अडतं, विकतच्या हीटरची गरज नाही.

आज युरेनसची तयारी. २१ तारखेला तो सूर्याच्या बरोब्बर समोर येणार, म्हणजे रात्रभर आकाशात. ह्या वर्षी शोधायला फारच सोपा आहे, कृत्तिकांचा पुंजका पूर्वेला वर आला की त्याच्या उजवीकडे दोन-तीन बोटांवर बायनॉक्युलर न्यायचा, तिथे १३ टॉरी आणि १४ टॉरी असे दोन तारे जवळजवळ आहेत, त्यांच्या पुढेच तिसरा ठिपका. तिघे जवळपास सारख्याच तेजाचे, त्यामुळे नुसतं बघून कुठला ग्रह ते कळणार नाही. म्हणून २५ च्या आयपीसमधून दिसतं तसं वहीत काढून घेतलं, तिघांच्या जागा आणि आजूबाजूचे दोन-चार बारीक तारे. पुतणीनेही तिच्या वहीत वेगळं काढलं. आता आठवडाभराने परत काढायचं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल अमावस्या, आकाश स्वच्छ, वर आठ वाजता लाईट गेली! अख्खा वाडा अंधारात, लोक वैतागले आणि आम्ही गच्चीवर टाळ्या पिटतोय.

आधी युरेनस. नवीन चित्र काढलं आणि पुतणीच्या वहीतल्या जुन्या चित्रावर ठेवून टॉर्चसमोर धरलं. दोन ठिपके तिथेच आणि तिसरा १४ टॉरीकडे सरकलेला, पूर्ण चंद्राच्या साधारण निम्म्या रुंदीएवढा. पोरं एकदम गप्प, मग सगळी एकदम बोलायला लागली. विल्यम हर्शेल ह्या खगोलशास्त्रज्ञाने १३ मार्च १७८१ ला हेच केलं, त्याला वाटलं धूमकेतू सापडला कारण ताऱ्यांमधून सरकत होता, मग हिशेब केल्यावर कळलं की हा शनीच्याही पलीकडचा ग्रह. तोपर्यंत हजारो वर्षं माणसाला शनीच शेवटचा माहीत होता. १२० पटीत युरेनस ठिपका राहत नाही, एवढीशी फिकट निळसर-हिरवी चकती होते. आबाकाका (पंचांगवाले) जिना चढून आले, एका डोळ्याने बघून म्हणाले, ‘हा हर्षल? पत्रिकेत मांडतो रे मी ह्याला, पण बघितला आज.’

नऊ वाजता बघितलेला उजेड तिकडून साडेसहाच्याही आधी निघालेला, अडीच तासांहून जास्त लागतात. आणि बातमी? १९ ऑगस्टला जाहीर झालेला त्याचा २९ वा चंद्र, जेम्स वेब दुर्बिणीने २ फेब्रुवारीला टिपलेला, जेमतेम १० किमीचा. म्हणजे एका टोकावरून दुसऱ्या टोकाला सायकलने जाता येईल एवढाच. १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ शेजारून गेलं त्यालाही तो दिसला नव्हता. पुठ्ठ्यावर पहिला पूर्ण भरलेला रकाना हा.

मग शनी. ह्यावेळी मुद्दाम शेवटी ठेवला होता. लहानपणी पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवर फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीच्या वेधशाळेत पहिल्यांदा शनी बघितला तेव्हा वाटलं होतं आयपीसमध्ये चित्र चिकटवलंय, इतकी ती कडी स्पष्ट. आज तसं काही नाही, गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारखी बारीक रेघ, संपलं. ‘कडी कुठं गेली?’ कुठे जात नाही ती, आपण तिला कडेने बघतोय. कडी पावणेतीन लाख किमी रुंद पण जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच, त्यामुळे आडवी आली की जवळजवळ नाहीशीच होते. शनी २६.७ अंश कललेला आणि सूर्याभोवती फिरायला त्याला साडेएकोणतीस वर्षं, म्हणून साधारण दर पंधरा वर्षांनी हा प्रकार. २३ मार्चला कडी नेमकी आडवी होती पण तेव्हा शनी सूर्याजवळ, बघता येत नव्हता, आत्ता नोव्हेंबरात ती परत अर्ध्या अंशाच्या आत आलीय. गॅलिलिओला १६१० मध्ये शनीला दोन कान दिसले आणि १६१२ मध्ये बघतो तर कान गायब, बिचारा गोंधळून गेला, उत्तर मिळायला डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सपर्यंत थांबावं लागलं.

मला विचाराल तर ह्या वर्षी भरगच्च कडीपेक्षा ही रेघच बघण्यासारखी आहे. भरलेली कडी पुढची कित्येक वर्षं दिसणारच आहे, ही रेघ परत २०३८-३९ ला, तेव्हा आज मांडीवर बसलेली पोरं नोकरी शोधत असतील. शनीचे चंद्र आता २७४ झालेत, मार्चमध्ये एकदम १२८ जाहीर केले. आम्हाला टायटन दिसला. २७३ बाकी.

सव्वानऊला लाईट आली, आणि खालून आनंदाची आरोळी. आम्ही गाशा गुंडाळला.

१० डिसेंबर, बुधवार

पुण्याची बातमी आल्यापासून हे डोक्यात होतं. एनसीआरएमधल्या (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) राशी जैन आणि योगेश वाडदेकर ह्यांनी जेम्स वेबच्या माहितीतून एक सर्पिल दीर्घिका शोधली, नाव अलकनंदा. विश्वाचं वय फक्त दीडेक अब्ज वर्षं होतं तेव्हाची, म्हणजे तिचा उजेड १२ अब्ज वर्षांहून जास्त चालतोय, पृथ्वीच नव्हती तेव्हा. गंमत अशी की इतक्या लवकर इतकी नीट घडी बसलेली, दोन हात असलेली दीर्घिका असायला नको असं आतापर्यंतचं गणित, तेव्हाच्या दीर्घिका गुठळ्या-गुठळ्यांच्या, वेड्यावाकड्या असणार असंच धरून चालले होते. तिचा व्यास ३० हजार प्रकाशवर्षांच्या आसपास आणि तारे जन्माला घालायचा वेग आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट.

जोडी: देवयानी दीर्घिका. संध्याकाळी साडेसातला डोक्याच्या जरा उत्तरेला, शर्मिष्ठेच्या ताऱ्यांच्या इंग्रजी एमच्या टोकदार बाजूने वर डोक्याकडे यायचं. साखळीतून डोळ्यांनी नाही, बायनॉक्युलरमध्ये लांबट अंधुक ढग. २५ लाख प्रकाशवर्षं. टेलिस्कोपमध्ये खरं तर जास्त चांगली दिसत नाही, ती इतकी पसरलेली आहे की ४८ पटीतसुद्धा नुसता मधला उजळ भाग येतो, म्हणून बायनॉक्युलरच बरा. सर्पिल हात वगैरे विसरा. पोरांचा रस इथे कमी पडला, मला मात्र आवडलं, पुण्यातल्या कुणीतरी शोधलेली गोष्ट आहे म्हणूनही असेल.

१४ डिसेंबर, रविवार (रात्रीची नोंद सकाळी)

जेमिनिड्ससाठी चोर्ला. घाट चढून वर पठाराला लागलं की गोव्याचा उजेड सह्याद्रीच्या खाली राहतो. थंडी चांगलीच, दव इतकं की चटई ओली, टेलिस्कोप नेलाच नव्हता, उल्कांना तो लागतच नाही, नुसतं आडवं पडायचं.

मिथुनेत ह्यावेळी गुरू बसलाय, त्यामुळे उल्का कुठून येतात ते पोरांना दाखवायला त्रास नाही, गुरूकडे बोट करायचं. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंचे, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या कचऱ्याचा. वेग कमी, सेकंदाला साधारण ३५ किमी, त्यामुळे उल्का सावकाश आणि जाडजूड जातात, बघायला वेळ मिळतो. बारा ते एक ह्या तासात आम्ही मिळून चाळीसेक मोजल्या. बातम्यांत ‘ताशी १५०’ लिहितात तो आकडा एकदम काळोखी आकाश आणि उगम डोक्यावर असं धरून काढलेला असतो, तो बघून कुणी निराश होऊ नये. एक तर अशी गेली की चटईवर आमची सावली पडली.

उल्कांच्या मधे मृग नक्षत्र समोरच होतं म्हणून काक्षीची बातमी उरकली. काक्षी म्हणजे मृगाचा तांबडा तारा, २०१९-२० मध्ये एकदम फिका पडला तेव्हा फुटणार फुटणार म्हणून केवढा गाजावाजा झाला होता, निघाली धूळ. हवाईच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने तिचा जोडीदार टिपल्याचं जुलैमध्ये जाहीर झालं, सहा प्रतींनी अंधुक, काक्षीच्या इतका जवळ की तिच्याच वातावरणाच्या बाहेरच्या थरातून फिरतोय. तिचं तेज सहाएक वर्षांच्या चक्राने कमी-जास्त का होतं ह्याचं कारण तो असावा. आपल्याला दिसतो फक्त तांबडा ठिपका. पण मृगातल्याच राजन्य ताऱ्याचा पांढरा-निळा आणि हिचा तांबडा शेजारी शेजारी बघून घेतले, रंगाचा हा फरक साखळीतूनही दिसतो.

पहाटे पाचनंतर ईशान्येला उत्तर मुकुट वर आला. छोटी अर्धवट चूल मांडावी तसे सात तारे. इथे टी कोरोना बोरियालिस आहे, १८६६ ला भडकला, १९४६ ला भडकला, पुढचा भडका २०२४ पासून ‘आज-उद्या’ चाललाय. तीनेक हजार प्रकाशवर्षं दूर, श्वेत बटू शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वायू ओढून घेतो, थर पुरेसा साचला की अणुस्फोट, आणि दहाव्या प्रतीचा तारा काही तासांत ध्रुवताऱ्याएवढा. आज नाही. मुकुटात तारे जेवढे असायला हवे तेवढेच. नोंद केली, फेब्रुवारीपासून तो मध्यरात्रीनंतर सोयीच्या जागी येईल, रोज एक नजर टाकायची, ह्याला कसलंच उपकरण लागत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मुक्तीदिन, सुट्टी. आजच थ्रीआय ॲटलस पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, २७ कोटी किमी, म्हणजे सूर्याच्या अंतराच्या साधारण १.८ पट. पहाटे सिंह राशीत, मघेच्या आसपास. पोरं उठून आली होती म्हणून दिशा दाखवली, दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, इतका अंधुक की सहा इंचात आणि ह्या दमट हवेत सवालच नाही.

हे परग्रहावरचं यान आहे वगैरे अजून चालूच आहे व्हॉट्सॲपवर. नासाने १९ नोव्हेंबरला सगळे फोटो दाखवून सांगितलं, धूमकेतू आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या मानाने भरपूर, हे वेगळं आहे खरं, पण दुसऱ्या ताऱ्याच्या घरचा म्हटल्यावर वेगळा असायलाच हवा ना? आपल्याकडे यायच्या आधीपासूनच सेकंदाला ५८ किमीचा वेग, सूर्य त्याला फक्त जरासा वळवू शकला, अडवू शकत नाही. मला यानापेक्षा हे जास्त भारी वाटतं. उजव्या रकान्यात लेमन, तारीख ३० ऑक्टोबर, जागा केरी.

पुढची कामं: आरशाचं कोलिमेशन (आरसे एका रेषेत आहेत ना ते) परत बघायचं, चोर्ल्याच्या रस्त्याने हललंय. १० जानेवारीला गुरू समोर येतोय, तेव्हा त्याच्या चार चंद्रांची चित्रं सलग काढायची. ३ मार्चला होळीच्या पौर्णिमेचं खग्रास ग्रहण, पण आपल्याकडे खग्रास भाग चंद्र उगवायच्या आधीच होऊन जाणार, चंद्र उगवता उगवता ग्रहण सुटत असेल आणि ६ वाजून ४७ मिनिटांनी संपेल. साखळीच्या पूर्वेला डोंगर, ती चार-पाच मिनिटं इथून मिळणार नाहीत. पूर्वेला मोकळं क्षितिज असलेली जागा शोधायची, दिवाडीचा फेरीचा धक्का किंवा चोडणचं खाजन (खाडीकाठची सखल शेतं), जानेवारीत एका संध्याकाळी दोन्हीकडे जाऊन होकायंत्र लावून बघायचं.